कबुलीजबाब : दुसऱ्याने लिहिलेले आत्मकथन

दलित आत्मकथनांची चर्चा करताना आपण अनुभवाच्या अस्सलतेचा निकष लावतो. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) यांतला ‘मी’ लेखकाने स्वतः भोगून कमावलेला आहे. हाच निकष मी पोलिसी कबुलीजबाबाला लावू इच्छितो. तोही ‘मी’च्या तोंडून बोलतो, पण त्याचा लेखक कोण?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत स्फोट झाले. वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली. आपल्याच उपनगरांकडे कामावरून परतणारी १८० हून अधिक माणसे मेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगवासात वारला होता.

एरवी पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. १९९९ च्या ‘मोक्का’ कायद्याने मात्र अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य केली. उच्च न्यायालयाने हे जबाब एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तेव्हा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी जागोजागी तोच मजकूर निघाला. आरोपींचा छळ झाला, हेही न्यायालयाने मान्य केले. न्यायमूर्तींनी येथे खऱ्या समीक्षकाचे काम केले. दोन माणसांचे दुःख सारखे असू शकते. त्यांची वाक्ये शब्दशः सारखी नसतात.

माझ्या घरात मी पहिला पदवीधर. माझ्या आज्याने न वाचलेल्या कागदांवर आयुष्यभर अंगठे उठवले. अंगठा त्याचा, मजकूर दुसऱ्याचा. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांचेही चरित्र असेच ठाण्यात लिहिले गेले. म्हणून ‘हे आरोपी मुसलमान, आपला संबंध काय?’ असे विचारणाऱ्या मित्रांना मी एवढेच सांगेन : लेखणी तीच आहे.

२४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली; सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. कायद्याचा वाद चालू राहील. पण दुसऱ्याने लिहिलेल्या ‘मी’वर माणूस फासावर चढला असता, तर कुठल्या वरच्या न्यायालयाने तो परत आणला असता? ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. आणि स्फोटांत मेलेल्यांच्या घरच्यांना तरी खोट्या आत्मकथनातून कोणता न्याय मिळाला?