अपुरं वाक्य आणि लाल शाई

आज विषय व्याकरणाचा वाटेल, पण माझी तक्रार आहे ती व्याकरण शिकवण्याच्या पद्धतीविषयी. इंग्रजी लिहिताना आपल्या मुलांची वाक्यं अर्धवट राहतात. शिक्षक लाल रेघ मारतात, आता संगणकही मारतो. शेरा एकच, 'वाक्य अपूर्ण'. का अपूर्ण, ते सांगायला कुणाला वेळ नसतो. तत्त्वज्ञानाचे इंग्रजी निबंध तपासताना मीही वर्षानुवर्षं हेच केलं.

ठरीव उत्तर असं, की कर्ता आणि क्रियापद असलं की वाक्य पूर्ण. पण 'बिकॉज इट वॉज रेनिंग' यात दोन्ही आहेत, तरी लेखात ते एकटं उभं राहत नाही. उलट मराठीत 'हा माझा भाऊ' यात क्रियापद नाही, आणि काही अडतही नाही.

मग कसोटी कोणती? अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त वाक्यार्थ कळण्याची तीन कारणं दिली आहेत: आकांक्षा, योग्यता, संनिधी. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. तीच मी इथे उपवाक्याला लावतो. अपेक्षा भागली नाही, की वाचणारा ताटकळतो.

आता मराठी मुलाची चूक बघा. तो 'बिकॉज' म्हणजे 'कारण' असं शिकतो. 'मी आलो नाही. कारण पाऊस होता.' असं मधे पूर्णविराम देऊन मराठीत खुशाल लिहिता येतं. तेच तो इंग्रजीत करतो. हा निष्काळजीपणा नव्हे, त्याचा कान मराठीचा आहे. त्याला सांगा, 'बिकॉज' म्हणजे 'म्हणून' समज. 'पाऊस होता म्हणून...' तोच विचारेल, म्हणून काय? 'ऑल्दो'चंही तसंच, 'जरी' आला की 'तरी'ची वाट बघणं आलंच.

पण दुसरं टोकही नको. 'का आला नाहीस?' 'पाऊस होता म्हणून.' इथे आकांक्षा प्रश्नानेच भागवली. विटगेनस्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये गवंडी नुसतं 'फरशी!' म्हणतो आणि मदतनीस ती आणून देतो. हे 'फरशी आण'चं तोकडं रूप, की 'फरशी आण' हेच याचं लांबवलेलं रूप, असा त्याचा प्रश्न आहे. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'चं पहिलं वाक्य म्हणजे नुसतं एका शहराचं नाव. विल्यम स्ट्रंकचं १९१८ चं पुस्तक एरवी शिस्तीचं, वाक्य तोडू नका म्हणणारं. पण जोर देण्यासाठी एखादा शब्द वाक्यासारखा वापरायची मुभा तेही देतं.

माझी एक विद्यार्थिनी होती. माझ्या शेऱ्यांनंतर ती छोटी, निर्धोक वाक्यंच लिहू लागली. चुका गेल्या, मी खूशही झालो. फार उशिरा लक्षात आलं, की त्यांच्याबरोबर तिचा युक्तिवादही गेला. 'जरी' आणि 'म्हणून' टाळून कुणी वाद मांडू शकतो का? ती चूक तिची नव्हती, माझी होती.

तेव्हा वही हातात आली, की रेघ मारण्याआधी लिहिणाऱ्याला एवढंच विचारा: 'बरं, पुढे काय?' वाक्य पुष्कळदा तोच पुरं करील.

इथे थांबतो.