होल्डन कॉलफील्डची सुटकेस

होल्डन कॉलफील्ड म्हणजे युद्धोत्तर माणसाची परात्मता, असं आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत तसंच लिहिलं, मार्कही बरे पडले. पुस्तक वाचलं ते नंतर. आणि वाचताना सारखं डोक्यात येत होतं की 'माणूस' म्हणजे ह्यांना नेमका कुठला माणूस म्हणायचाय?

जे. डी. सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' १९५१ साली आली. महायुद्ध संपून सहा वर्षं झालेली. अमेरिकेत पैसा खेळू लागलेला, आणि 'टीनएजर' नावाचं नवं गिऱ्हाईक बाजाराला सापडलेलं. सोळा वर्षांचा होल्डन पेन्सी नावाच्या महागड्या बोर्डिंग शाळेतून हाकलला जातो. पाचपैकी चार विषयांत नापास, पास फक्त इंग्रजीत. मग न्यूयॉर्कमध्ये हॉटेल, टॅक्सी, बार असं भटकत राहतो. जग त्याला ढोंगी वाटतं. बाप कंपन्यांचा वकील. आजी विसराळू, ती वर्षातून चारदा वाढदिवसाचे पैसे पाठवते. पोरगं नव्वद डॉलरचा टाइपरायटर वीसला विकून मोकळं होतं.

आपला एखादा कार्यकर्ता म्हणेल, पोट भरल्यावर सुचलेली दुःखं ही. मी तसं म्हणणार नाही. धाकटा भाऊ ॲली ल्युकेमियानं गेला त्या रात्री होल्डननं गॅरेजच्या सगळ्या काचा नुसत्या मुठीनं फोडल्या. हात कायमचा अधू झाला. हे खोटं म्हणायची माझी छाती नाही. आणि भाषा! पोरगं बोलतं तसं लिहिलं, शिव्या ठेवल्या, म्हणून अमेरिकेतल्या कित्येक शाळांनी हे पुस्तक बाहेर काढलं. बोलीला छापील पानावर जागा मिळवताना काय सोसावं लागतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

माझा झगडा दुसरा आहे.

होल्डनला एक जुना रूममेट आठवतो, डिक स्लॅगल. स्लॅगलच्या सुटकेस स्वस्तातल्या, होल्डनच्या अस्सल चामड्याच्या. स्लॅगल आपल्या बॅगा खाटेखाली ठेवायचा. त्याला वाईट वाटू नये म्हणून होल्डननंही आपल्या खाली सरकवल्या. तर स्लॅगलनं होल्डनच्या परत वर काढून ठेवल्या! लोकांना वाटावं त्या त्याच्याच आहेत. वर होल्डनच्या वस्तूंना 'बूर्झ्वा' म्हणायचा आणि त्याचंच पेन वापरायचा. (असे स्लॅगल चळवळीतही पाहिलेत, नावं सांगत नाही.) शेवटी दोघांनी खोल्या बदलल्या.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. वसतिगृहात माझी पत्र्याची पेटी होती, जुन्या बाजारातली, झाकणावर दुसऱ्याच कुणाचं नाव रंगवलेलं. शेजारच्या खाटेवरच्या पोराकडे चामड्याची बॅग. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावलं, पण चामड्याची बॅग म्हणून घरात कधी आली नाही. स्लॅगलनं बॅगा वर का काढल्या, हे मला होल्डननं समजावून सांगायची गरज नव्हती. पण सांगतो तोच. स्लॅगलला दोन पानांत येऊन जाण्यापुरती जागा. सॅलिंजरला हे दिसलं, हे त्याचं मोठेपण. दिसून तो पुढे गेला, हेही आहेच.

होल्डन रात्री चोरून घरी येतो तेव्हा मोलकरीण शार्लीनला ऐकू जात नाही. लहानपणी तिच्या भावानं कानात काडी खुपसलेली, एका कानाचा पडदाच नाही. बहीण फीबी तक्रार करते की शार्लीन सगळ्या अन्नावर श्वास सोडते. फीबी गोड पोर आहे, सगळ्या समीक्षकांची लाडकी. तिचं हे वाक्य मात्र मी कुठल्या समीक्षेत अडकलेलं पाहिलं नाही. आपण अडकणार. पाणी वरून ओतून प्यायलेली माणसं आपण.

पुढच्याच वर्षी, १९५२ ला, राल्फ एलिसनची 'इन्व्हिजिबल मॅन' आली. शाळा संपवलेला काळा मुलगा गावातल्या गोऱ्या प्रतिष्ठितांसमोर भाषण द्यायला जातो. आधी त्याला डोळे बांधून इतर काळ्या पोरांशी मारामारी करायला लावतात, मग वीज सोडलेल्या गालिच्यावरची नाणी वेचायला. नंतर तोंडातलं रक्त गिळत तो भाषण करतो. बक्षीस म्हणून काय मिळतं? वासराच्या कातड्याची ब्रीफकेस, आत काळ्यांच्या कॉलेजची शिष्यवृत्ती. ती बॅग तो कादंबरीभर वागवतो आणि शेवटी अंधाऱ्या तळघरात उजेडासाठी तिच्यातलेच कागद जाळतो. होल्डनला शाळा नको असते तरी पुढच्या सप्टेंबरात शाळा आहेच. ह्या पोराला कॉलेज हवं असतं, तिथून हाकलतात, आणि परतायला दार नाही. दोघांनाही 'परात्म' हा एकच शब्द कसा पुरेल?

आपल्याकडे 'कॅचर'चं नाव 'कोसला'सोबत (१९६३) घेतात. नेमाड्यांचा पांडुरंग पुण्यात बापाच्या पैशांवर राहून, नापास होऊन सांगवीला परततो. परतायला गाव आहे. आमच्यातला नापास झाला तर कुठल्या गावात परततो, ते लिहायचं बाकी होतं. ते आमच्या आत्मकथनांनी लिहिलं.

एस. ई. हिंटनची 'द आउटसायडर्स' (१९६७) मात्र मनापासून आवडली. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीनं लिहिलेली. मुलीचं नाव पाहून समीक्षक नाकं मुरडतील म्हणून प्रकाशकानं आद्याक्षरंच छापली. चौदा वर्षांचा पोनीबॉय आईबापाविना. थोरला भाऊ कॉलेजला न जाता छपरांची कामं करतो. गरीब पोरं विरुद्ध मोटारवाली पोरं. पण टोळीतले सगळे गोरेच. आणि हिंटन ज्या टल्सा शहरातली, तिथली काळ्यांची ग्रीनवुड वस्ती १९२१ साली जाळली होती.

मला सगळ्यात जास्त बोचलं ते रोझा गायचं 'द फ्रेंड्स', १९७३ चं. निवेदन करणारी फिलिशिया, वय चौदा, वेस्ट इंडीजमधून हार्लेमात आलेली. शाळेत काळी पोरंच तिला परकी म्हणून छळतात. जवळ येते ती एकटी एडिथ. फाटके मोजे, झिजलेले बूट. फिलिशियाला तिची लाज वाटते. बापाचं मोठं रेस्टॉरंट आहे ह्या भ्रमात ती असते. निघते एक साधी खाणावळ. तोच बाप एडिथला घरातून हाकलतो आणि फिलिशिया तिची बाजू घेत नाही. इथं गोरा माणूस जवळपास नाहीच. शोषितांच्या घरातलीच उतरंड, आणि ती सांगते तिच्यावर दोन पायऱ्या वर उभी असलेली पोरगी, स्वतःला न सोडता. एवढा खरेपणा होल्डनकडे नाही. त्याला ढोंग दिसतं ते बहुतेक दुसऱ्यांचं.

वसतिगृहात एकदा आमच्या वस्तीतला एक मित्र मला भेटायला आला. ढोरवाड्यातून तसाच, कामाच्या कपड्यांत, अंगाला कातड्याचा वास. खोलीत चामडी बॅगवाला होता. मी मित्राला खाली फाटकाशी थांबायला सांगितलं आणि कपडे बदलायला म्हणून वर येऊन बसलो. तो तासभर उभा होता, मी खिडकीतून बघत होतो. पुढे तो रेल्वेत लागला. अजून येतो, चहा पितो, काय वाचतोस म्हणून विचारतो. 'कॅचर' त्याला दिलं, त्यानं वाचलं, हसला. 'द फ्रेंड्स' मी अजून दिलेलं नाही.