‘दालन’ आणि ‘वीथी’

इंग्रजी ‘गॅलरी’साठी मराठीत दोन शब्द वापरले जातात. ‘दालन’ मूळचा फारसी, ‘वीथी’ संस्कृत. पहिल्याचा रोख चार भिंतींवर आहे. दुसऱ्यात रांगेचा व वाटेचा अर्थ आहे. नाशकात, शालिमारजवळच्या महात्मा फुले कलादालनाच्या नावात दिसते त्याप्रमाणे, ‘दालन’ रूढ झाले. प्रदर्शनेही त्या शब्दाला साजेशीच भरतात. चित्राखालील चिठ्ठीवर नाव, माध्यम, आकार आणि किंमत. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतील गोदाघाट ओळखीचा असल्याने प्रेक्षक निदान घाटाविषयी तरी बोलतो; अमूर्त चित्रापुढे तो मुका होतो. हा दोष सर्वस्वी त्याचा आहे असे मला वाटत नाही.

भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील पहिल्या अंकात लक्ष्मण राम-सीतेला चित्रवीथी दाखवितो. परंपरेने नाशकातच मानलेली पंचवटीही तीत आहे. शूर्पणखेचे चित्र पाहून सीता घाबरते, आणि हे केवळ चित्र आहे, असे रामाला सांगावे लागते. त्याआधी ऊर्मिलेकडे बोट दाखवून ‘ही कोण?’ असे सीता विचारते. लक्ष्मण लाजून पुढच्या चित्राकडे वळतो. (टीकाकारांचीही पुष्कळदा हीच रीत!) तेथे चित्र पाहणे म्हणजे विचारणे, भिणे, उत्तर टाळणे, थोडक्यात, बोलणे.

वाढत्या नाशकात भिंती आणखी उभ्या राहतील. उणीव या बोलण्याची आहे. चित्रकाराने चिठ्ठीवर स्वतःच्या मराठीत दोन वाक्ये लिहिली तरी आरंभ होईल. आज तेथे मराठी चित्रकारही ‘अनटायटल्ड’ लिहितात.