सोडलेला हक्क कोणाचा? : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी लिहिताना आपली समीक्षा बहुधा निरागसता आणि विनोद या दोन शब्दांपाशी थांबते. दोन्ही गुण पुस्तकात आहेतच. पण त्यांच्या भरात त्यातला ख्रिस्ती धर्म नेपथ्यासारखा मागे उरतो. जणू टिळकांच्या जागी दुसरा कोणी लहरी कवी नवरा असता तरी हे पुस्तक असेच झाले असते. मला तसे वाटत नाही. स्वतःचा हक्क सोडणे ही ख्रिस्ती कल्पना या संसाराच्या मध्यभागी आहे, आणि ती कोणाला किती महाग पडली याचा इतका प्रामाणिक जमाखर्च मराठीत दुसरीकडे मी वाचलेला नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय हक्कांविषयी आहे. सुवार्ता सांगणाऱ्याला तिच्यावर पोट भरण्याचा अधिकार आहे, हे पौल दाखल्यावर दाखला देत सिद्ध करतो, पार मळणीच्या बैलापर्यंत जातो, आणि मग सांगतो की हा अधिकार आपण वापरलेला नाही. आधी हक्क ठरतो, मग तो सुटतो. पत्नीला बरोबर घेऊन फिरण्याचा हक्कही तो त्याच ओघात मोजतो. पण पौल एकटा होता. त्याने मजुरी नाकारली तर उपाशी राहणारा तोच. नारायण वामन टिळकांच्या घरात चूल होती आणि ती दुसरे कोणी सांभाळत होते.

टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्या वेळी कायदा त्यांच्या हाती काय देत होता, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण लक्षात घेत नाही. 1887 मध्ये रखमाबाईंना न्यायालयाने नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असे सांगितले होते; तो खटला लोकांच्या स्मरणात ताजा होता. दुसरीकडे 1866 च्या कायद्याने धर्मांतरित माणसाला, त्याच्या धर्मामुळे जोडीदार सहवास नाकारत असेल तर, विवाहबंधनातून सुटण्याची वाट दिली होती. म्हणजे बायकोला ओढून आणण्याचा मार्ग होता आणि तिला सोडून नवा संसार थाटण्याचाही. टिळकांनी दोन्ही वापरले नाहीत. लक्ष्मीबाई पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या, दत्तूही त्यांच्याजवळच राहिला, आणि टिळक पत्रे लिहीत वाट पाहत राहिले. टिळकांच्या चरित्रात त्यागाचे प्रसंग पुष्कळ आहेत. त्यांतला हा मला सर्वांत मोठा वाटतो, कारण तो त्यांनी फक्त स्वतःच्या खर्चाने केला.

लक्ष्मीबाईंकडे सोडण्यासारखे काय होते? पैसा नाही, घर नाही, नवऱ्याच्या निर्णयात मत नाही. होते ते सोवळे. मनू गोखले ज्या घरात वाढली तिथे वडिलांच्या सोवळ्यापायी बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतले जाई. या कर्मठपणावर त्या पुढे पोटभर हसल्या आहेत. पण धर्मांतरित नवऱ्याची बायको म्हणून जग बोट दाखवू लागले तेव्हा ब्राह्मणीपणाचा हाच एक हक्क त्यांच्या हातात उरला होता. म्हणून टिळकांकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले, आणि टिळकांनी ती सोय होऊ दिली. मग त्यांनी ते सोडले. कोणी वादात हरवले म्हणून नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि इतरांच्या हातचे पाणी घेतले. 1900 मधला बाप्तिस्मा त्यानंतरचा. पौलाच्या अध्यायातला क्रम इथे तंतोतंत आहे, फक्त व्यासपीठाऐवजी पाण्याची घागर आहे. पुस्तकातले धैर्य मला या पानांत सापडते.

1917 चा प्रसंग मात्र मला निवांत वाचता येत नाही. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. परदेशी मिशनच्या पगारावर जगून इथल्या माणसांना ख्रिस्त आपला वाटायला लावता येणार नाही, हा त्यांचा विचार आजही खोडून काढणे अवघड आहे. पौलाचेच ते आचरण होते. पण त्या पगारावर टिळकांइतकाच घराचाही हक्क होता. पाहुणे, अनाथ पोरे, आल्यागेल्यांचा राबता, हे सगळे त्याच पैशांत भागवण्याची विद्या घरधनिणीला शिकावी लागली होती. चरित्रकार या निर्णयाला संन्यास म्हणतात. पूर्वीच्या संन्याशाला निदान बायकोची संमती विचारावी लागे, हे शास्त्र मात्र कोणी आठवत नाही.

लक्ष्मीबाई यावर फिर्याद करत नाहीत. इथेच पुष्कळ वाचक, विशेषतः अलीकडचे, त्यांच्यावर पतिभक्तीचा शिक्का मारून मोकळे होतात. मजकूर तसे सांगत नाही. टिळकांचा उतावळेपणा, संताप, घरातले असेल ते उचलून देऊन टाकणे, यातले काहीही त्या झाकत नाहीत. पतिव्रतेने नवऱ्याविषयी असे छापायचे नसते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क त्यांनी सोडला आहे. ते नुकसान सांगण्याचा सोडलेला नाही. विनोद येतो तो या दोहोंमधल्या जागेतून. भरपाई मागणाऱ्याला हसता येत नाही आणि सगळेच विसरलेल्याला हसण्यासारखे काही उरत नाही. त्यांच्या हसण्याला मी श्रद्धेचे काम म्हणतो ते यासाठी.

टिळक 9 मे 1919 रोजी वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागांनी पुस्तकरूपात येऊ लागली. अखेरच्या वर्षांत या बाईपुढे दोन कामे होती: नवऱ्याने आरंभलेले ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र पुरे करायचे, आणि ते आरंभणाऱ्या नवऱ्याबरोबर दिवस कसे काढले ते साध्या बोलीत लिहायचे. पहिल्याचे वाचक आज फार थोडे आहेत. दुसऱ्याबरोबर ते ठेवून वाचणारे तर मला भेटलेलेच नाहीत.