रिकाम्या कॅबिनेटचं प्रमाणपत्र

रस्त्याकडेच्या टेलिकॉम कॅबिनेटची डेटाशीट वाचताना ईएमसीच्या रकान्यात एक आकडा भेटतो: शील्डिंग इफेक्टिव्हनेस, अमुक डेसिबल. आकडा खोटा नसतो. पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर असतो, तो प्रश्न रस्त्यावर क्वचितच कुणी विचारतं. माझी तक्रार आहे ती या आकड्याच्या वाचनाबद्दल.

या मोजमापाचं एक प्रचलित मानक म्हणजे आयईसी ६१५८७-३. त्यात चाचणी होते ती रिकाम्या कॅबिनेटची, ३० मेगाहर्ट्झपासून वरच्या पट्ट्यात. याला अर्थ आहे. आत काय भरणार हे उत्पादकाला माहीत नसतं, आणि दोन कंपन्यांची कॅबिनेटं शेजारी ठेवून तुलना करायची तर ती रिकामीच हवीत. घोळ होतो तो पुढे, जेव्हा तोच आकडा चालू यंत्रणेची हमी म्हणून टेंडरमध्ये जाऊन बसतो.

मुळात शील्डिंग पत्र्यावर फारसं अडत नाही. दीड मिलिमीटरचा पोलादी पत्रा या पट्ट्यात जवळजवळ अभेद्यच. अडतं ते फटीवर. आणि फटीची रुंदी नव्हे, लांबी महत्त्वाची. दाराच्या कडेला रंग चढल्यामुळे ३० सेंटिमीटरभर धातूला धातू टेकला नाही, तर ती फट कागदाइतकी बारीक असली तरी १०० मेगाहर्ट्झला साधारण १४ डेसिबलच संरक्षण उरतं. ५०० मेगाहर्ट्झला तीच फट अर्ध्या तरंगलांबीएवढी होते आणि अंदाजी सूत्राने हिशोब शून्यावर येतो.

दुसरं दार केबलचं. शील्डेड केबलची जाळी कॅबिनेटच्या भिंतीला चहूबाजूंनी क्लॅम्प करायची असते. घाईत तिचा पीळ करून दहा सेंटिमीटरची शेपटी अर्थिंगच्या बोल्टला लावली, की तिचं इंडक्टन्स साधारण १०० नॅनोहेन्री होतं, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला सुमारे ६३ ओहम. मल्टिमीटरवर मात्र अर्थिंग एकदम झकास दिसतं! रिकाम्या कॅबिनेटच्या चाचणीत ही शेपटी कुठून येणार?

ब्रिटनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथल्या हिरव्या कॅबिनेटपर्यंत फायबर येतो आणि पुढे घरापर्यंत जुन्या तांब्याच्या तारांवर व्हीडीएसएल२ चालतं, १७.६६४ मेगाहर्ट्झपर्यंत. हौशी रेडिओवाल्यांचे अनेक बँड याच पट्ट्यात येतात. त्यांच्या रिसीव्हरमध्ये खरखर येऊ लागली, तेव्हा रेडिओ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनने हा विषय ऑफकॉमकडे लावून धरला. आता गंमत बघा: ही सगळी भानगड ३० मेगाहर्ट्झच्या खाली घडते. कॅबिनेटचं प्रमाणपत्र जिथून सुरू होतं, त्याच्या आधीच ही अडचण संपलेली असते. शिवाय हा सिग्नल कॅबिनेटमधून गळत नाही, तो मुद्दामच तारेवर बाहेर पाठवलेला असतो. पिळलेल्या जोडीतल्या दोन्ही तारा समतोल असेपर्यंत तो फारसा पसरत नाही. जोड गंजला किंवा घरातलं वायरिंग एकांगी झालं, की खांबावरून घरात येणारी तार अँटेना बनते. अशा वेळी कॅबिनेट सोन्याने मढवलं तरी शेजारच्या रेडिओला फरक पडणार नाही.

आणि काळाचं काय? गॅस्केट दबून बसतो, दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यात ओल शिरली की गंज धरतो, तंत्रज्ञ दार उघडतो-लावतो. चाचणीला उभं राहतं ते नवं कॅबिनेट, रस्त्यावर उभं असतं ते कित्येक पावसाळे काढलेलं.

म्हणून खरेदी करणाऱ्याने डेसिबल वाढवून मागण्यापेक्षा तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. मोजमाप केबल आणि ग्लँड बसवून व्हावं. दार बऱ्याच वेळा उघडून-लावून आणि खाऱ्या फवाऱ्याची चाचणी झाल्यावर ते पुन्हा व्हावं. आणि गॅस्केट कधी, कोणी बदलायचा हे देखभालीच्या करारात असावं. या तिन्हींना पैसे लागतात, हे खरंय. पण आज तेच पैसे जास्त जाड पत्र्यावर खर्च होतात, आणि खरखर ऐकणारा माणूस त्या करारात कुठेच नसतो.