मनाई नाही, म्हणजे हक्क आहे का?

श्रोतेहो, आज आम्ही एका न्यायालयीन मताची चिकित्सा करणार आहोत. १७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोवोने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले. सर्बियाच्या आग्रहावरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारले, ही एकतर्फी घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आहे का? २२ जुलै २०१० रोजी दहा विरुद्ध चार मतांनी उत्तर आले : घोषणेने कायद्याचा भंग झालेला नाही.

आता बघा, विचारले काय आणि सांगितले काय! ‘धरून आहे का’ याला उत्तर ‘भंग नाही’. एखादा माणूस रस्त्याने गात चालला, तर त्याला मनाई नसेल; पण म्हणून आपण थांबून ऐकलेच पाहिजे, असे होत नाही. हक्क म्हटला की दुसऱ्या कुणावर तरी कर्तव्य येते. नुसत्या ‘मनाई नाही’तून कुणावरच काही येत नाही. न्यायमूर्ती ब्रुनो सिम्मा यांनी बहुमताच्या बाजूने मत देऊनही हीच तक्रार केली. खपवून घेतलेले, परवानगी असलेले आणि इष्ट, या छटा न्यायालयाने पाहिल्याच नाहीत. १९२७च्या ‘लोटस’ खटल्यातली जुनी विचारसरणी पुढे चालवली.

न्यायालयाची बाजूही ऐकू या. फुटून निघण्याचा हक्क आहे की नाही, हे आम्हाला विचारलेलेच नाही, असे ते म्हणाले. हा संयम समजण्यासारखा आहे. क्वेबेकबाबत १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्नच हक्काचा होता, हेही खरे. पण तिथल्या उत्तरात दोन्ही बाजूंना काहीतरी मिळाले. एकतर्फी फुटण्याचा हक्क ना घटनेत आहे, ना आंतरराष्ट्रीय कायद्यात. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर बाकीच्या कॅनडाला वाटाघाटी कराव्याच लागतील. म्हणजे जाणाऱ्यावरही बंधन, अडवणाऱ्यावरही बंधन. हेगच्या मतात आम्हाला नेमके हेच सापडत नाही.

मग काय झाले? मार्च २०१४ मध्ये क्रिमियाच्या संसदेने आपल्या घोषणेत हेच मत पुढे केले. बेकायदा बळाच्या वापराशी जोडलेल्या घोषणा अवैध ठरतात, हेही त्याच मतात लिहिलेले आहे. पण सोयीचे तेवढे घेतले गेले, आणि तिथे तर रशियाचे सैनिक उभे होते! वाचणाऱ्याची लबाडी हा लिहिणाऱ्याचा दोष नव्हे, हे मान्य. तरी जिथे हक्काची कसोटी सांगायची जागा कोरी ठेवली जाते, तिथे ती बलवान भरतो. छळाने गांजलेल्या लोकांना आपल्याला काय मागता येते हे कळत नाही आणि फौजा असलेल्यांना मात्र कोणते वाक्य उचलायचे ते बरोबर कळते. आमचा आक्षेप इतकाच आहे.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.