सरासरी कोणाची?

दांडेकर-सुखात्मे वाद हा विद्वानांचा पुण्यातला वाद म्हणून आपण बाजूला ठेवला. मला तो पुन्हा वाचावासा वाटला तो खारबावला, वीटभट्टीच्या वस्तीतून स्टेशनकडे परतताना.

1971 साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोज माणशी 2250 उष्मांकांची कसोटी धरून 1960-61 सालचे ग्रामीण भागातील 40 टक्के आणि शहरांतील 50 टक्के लोक दारिद्र्यात मोजले. पां. वा. सुखात्म्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, गरजेचा आकडा ही सरासरी आहे. पूर्ण निरोगी समाजातही निम्मी माणसे सरासरीखाली असणारच. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करा आणि त्याखालच्यांनाच कुपोषित म्हणा.

हरकत पोकळ नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. पण एका माणसाच्या एका दिवसाचा चढउतार वेगळा आणि पाच-सहा माणसांच्या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चाची सरासरी वेगळी. सरासरी काढली की चढउतार आकसतो. माणसासाठीची सूट कुटुंबाला दिली की भुकेली घरे पोट भरलेल्यांत जातात. शिवाय, सरासरीखाली राहणारे लोक जर एकाच वस्तीत, एकाच जातीत, पिढ्यानपिढ्या सापडत असतील, तर त्याला निसर्गाचा चढउतार कसे म्हणायचे?

मात्र आपणही आकड्यांशी प्रामाणिक नसतो. मागे भिवंडीच्या गोदामांतल्या चार हमालांची मजुरी लिहून आम्ही एका कचेरीत गेलो. साहेबाने कागद परत केला. मला राग आला. पण रात्री हिशेब मांडला तेव्हा कळले की त्या कागदात काहीच सिद्ध होत नव्हते.

समजा, सोळा हमालांची सरासरी मजुरी 400 रुपये आणि प्रमाण विचलन 80. त्याला 16 च्या वर्गमुळाने भागले की 20 ही प्रमाण त्रुटी. टी-तक्त्यातला आकडा 2.13. म्हणजे सगळ्या हमालांची खरी सरासरी 357 ते 443 यांच्या दरम्यान. कायद्याची मजुरी 450 असेल, तर ती या पट्ट्याबाहेर पडते. मालकाला 'योगायोग' म्हणून सुटता येत नाही. तेच आकडे चार हमालांचे असते तर पट्टा 273 ते 527 झाला असता. त्यात कायदाही बसतो आणि लूटही बसते. हे तंत्र 1908 साली डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातील गॉसेटने 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडले, ते थोड्या नमुन्यांवर काम भागवावे लागे म्हणूनच. आपलीही अडचण तीच.

95 टक्के विश्वास म्हणजे काय, हेही नीट समजावे. याच रीतीने शंभर वेळा नमुने घेतले तर सुमारे 95 वेळा पट्टा खऱ्या सरासरीला पकडील, एवढेच. सुखात्मे लंडनला ज्या नेमन यांच्याजवळ शिकले, त्यांचीच ही मांडणी. आणि नमुना मुळातच वाकडा असेल तर पट्टा कितीही अरुंद झाला तरी उपयोग नाही. पीककापणीचे फार लहान तुकडे घेतले की उत्पन्न फुगून दिसते, हे 1940च्या दशकात दाखवणारे सुखात्मेच होते. त्यांच्याकडून हे शिकावे, आणि त्यांच्याशी भांडावेही.

म्हणून मुकादमाने बोलावलेली सोळा माणसे घेऊ नका. सगळ्या खोल्यांना क्रमांक द्या, चिठ्ठ्या टाका, ज्याची निघेल त्याच्याच दारात जा. तो कामावर असेल तर पुन्हा जा. हमाल आणि मुकादम यांची एकच सरासरी काढू नका. ती दोघांचीही नसते.

भट्टीवर मात्र मी अजून अडलेला आहे. तिथे हजार विटांमागे मजुरी जोडीला मिळते आणि वहीत नाव नवऱ्याचे असते. विटा थापणाऱ्या बाईची मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची?